रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, पुढे काय?

पावसाळा संपता संपता देवगड तालुक्यातील मिठबाव येथे शिक्षकांच्या एका छोट्या वर्गासाठी आम्ही गेलो होतो. विषय साधाच होता : पेशी. गालाच्या आतल्या बाजूला काडीने हलकेच खरवडायचे, जे लागेल ते काचपट्टीवर पसरायचे, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या मध्यभागी गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. नववीतील कुठल्याही विद्यार्थ्याने केलेला हा प्रयोग. शिक्षक मंडळींनाही तो नवा नव्हता, पण स्वतःच्या पेशी पाहताना सर्वांनाच मजा वाटत होती.

जेवणाच्या सुट्टीत एक बाई बाजूला आल्या. पिशवीतून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. “सर, एवढं जरा वाचून द्याल? माझ्या धाकट्या जावेचा आहे.” कागद पाच महिन्यांपूर्वीचा होता. मे महिन्यात एका शिबिरात गर्भाशयमुखाची तपासणी झाली होती, त्याचा हा रिपोर्ट. वय ३८. निष्कर्ष : ‘एचपीव्ही डीएनए – पॉझिटिव्ह, उच्च जोखमीचे इतर प्रकार’. खाली बारीक अक्षरात कॉल्पोस्कोपीचा सल्ला. रिपोर्ट हातात देणाऱ्याने ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगितले होते. जाऊबाईंनी तो रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत ठेवून दिला. नवरा मुंबईला नोकरीला. गणपतीत तो आठ दिवस येऊन गेला, पण त्यालाही दाखवला नाही.

बाईंनी जावेचे प्रश्न आमच्यापुढे ठेवले. हा कॅन्सर आहे का? हा रोग कोणाकडून आला? पिशवी काढावी लागेल का? आणि शेवटी जावेचे वाक्य त्यांनी तिच्याच शब्दांत सांगितले : “माका काय्येक त्रास नाय, मगे कित्याक जाव?”

पहिले तीन प्रश्न भीतीचे आहेत. चौथा मात्र तर्काचा आहे, आणि आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. हा लेख त्या दुपारच्या गप्पांतून झाला. शिक्षकांसाठी तो लिहिण्याचे कारण एवढेच की गावात असा कागद वाचून घ्यायला लोक बहुधा शाळेतच येतात.

काचपट्टीवरची सीमारेषा

गालाच्या पेशींपासूनच सुरुवात करू. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे योनिमार्गात डोकावणाऱ्या भागावर, याच जातीच्या चपट्या पेशींचे अनेक थर असतात. आतल्या नळीला मात्र उभ्या, स्तंभासारख्या पेशींचा एकच थर असतो. जिथे हे दोन प्रकार भेटतात ती सीमा कायम एका जागी राहत नाही. वयात येताना, बाळंतपणात, पुढे पाळी जाताना ती पुढेमागे सरकते आणि मधल्या पट्ट्यात उभ्या पेशींच्या जागी चपट्या पेशी तयार होत राहतात. मिठबावच्या किनाऱ्यावर भरतीची आणि ओहोटीची रेघ यांच्यामधला ओला पट्टा असतो ना, तसा हा पट्टा. सतत बदल चालू असल्यामुळे इथल्या पेशी विषाणूच्या तावडीत सहज सापडतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा याच पट्ट्यात सुरू होतो, आणि म्हणूनच तपासणीसाठी नमुनाही इथूनच घेतात.

तो विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांतले जेमतेम डझनभर कर्करोगाशी निगडित आहेत, आणि त्यांतही १६ व १८ क्रमांकांचे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कर्करोगांना कारणीभूत ठरतात. हा संबंध हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवला. त्यासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूची करामत थोडक्यात अशी. त्याला स्वतःची संख्या वाढवायला पेशीची यंत्रणा लागते, आणि ती यंत्रणा पेशी विभाजन पावत असतानाच चालू असते. म्हणून तो अशी दोन प्रथिने बनवतो जी पेशीचा ब्रेक निकामी करतात. विभाजन थांबवणारे एक प्रथिन आणि बिघाड झालेल्या पेशीला मरायला लावणारे दुसरे, या दोन्ही रखवालदारांना तो बाजूला सारतो. संसर्ग वर्षानुवर्षे टिकला तर अशा बेलगाम पेशींत चुका साचत जातात. ‘टिकला तर’ हे शब्द मात्र विसरू नयेत. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातली प्रतिकारशक्ती एकदोन वर्षांत विषाणूला आवरते. त्याचे ना औषध घ्यावे लागते, ना तो आला-गेल्याची कधी जाणीव होते.

यातूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. पण तो इतका सर्वत्र आहे की लग्न झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होऊन जातो. शिवाय तो अनेक वर्षे दबा धरून राहू शकतो. संसर्ग गेल्या वर्षीचा की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचा, हे कोणताही रिपोर्ट सांगू शकत नाही. मुंबईला राहणाऱ्या नवऱ्यावर किंवा गावात राहणाऱ्या बायकोवर या कागदाच्या आधारे संशय घेणे म्हणजे थर्मामीटर पाहून ताप कोणाच्या घरून आला हे सांगण्यासारखे आहे. आम्ही हे बाईंना दोनदा सांगितले, कारण कागद ट्रंकेत जाण्याचे खरे कारण तेच असावे अशी आम्हांला शंका होती.

शंभरातल्या किती?

आता पहिला प्रश्न. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर का? याचे उत्तर द्यायला परदेशातील आकडे शोधण्याची गरज नाही. जगातल्या या विषयावरच्या सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक आपल्या मराठवाड्यात झाला आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली हे काम सुरू केले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले. एका भागातल्या स्त्रियांची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यातल्यांची पेशीतपासणी म्हणजे पॅप स्मिअर, तिसऱ्यातल्यांची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. बार्शीचे डॉ. भ. म. नेने आणि ल्योंचे डॉ. आर. शंकरनारायणन हे या कामातले प्रमुख संशोधक. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

एचपीव्ही तपासणी झालेल्या २७,१९२ स्त्रियांपैकी २,८१२ पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे शंभरात सुमारे दहा. या पॉझिटिव्ह स्त्रियांत मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचे कर्कपूर्व बदल असण्याचे प्रमाण होते ११.३ टक्के. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर जरूर करायला द्यावे : हजार स्त्रिया तपासल्या तर पॉझिटिव्ह साधारण शंभर, आणि त्या शंभरात उपचाराची गरज असलेले कर्कपूर्व बदल सापडतील दहा-अकरा जणींत. प्रत्यक्ष कर्करोग त्याहूनही थोड्यांत. उरलेल्या जवळजवळ नव्वद जणींना आज तसले काहीच नाही. व्हिनेगरच्या पाहणीत तर पॉझिटिव्ह १३.९ टक्के होत्या आणि त्यांत बदल सापडण्याचे प्रमाण फक्त ७.४ टक्के.

म्हणजे तपासणी खोटी म्हणायची का? नाही. चाळण मुद्दामच बारीक ठेवलेली असते. खडा सुटू नये म्हणून चार दाणे अडकले तरी चालतील, असा तिचा हिशोब. अडकलेले दाणे हाताने निवडण्यासाठी पुढची तपासणी असते. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे, पुढे बघायला हवे अशी ती खूण आहे.

तोच अभ्यास दुसरी बाजूही दाखवतो. आठ वर्षे लक्ष ठेवल्यानंतर नेहमीच्या व्यवस्थेतील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या होत्या. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४. एका तपासणीने आणि तिच्या मागोमाग केलेल्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. (चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांतून कडक टीका झाली. त्या काळी गावात तशी काही सोयच नव्हती, हे संशोधकांचे म्हणणे खरे असले तरी ती टीका आम्हांला पूर्णपणे बाजूला सारता येत नाही.)

त्रास नाही, मग कशाला जायचे?

जाऊबाईंचा तर्क चुकीचा नाही. आपण सारे असेच वागतो : दुखले तर डॉक्टर. पण कर्कपूर्व बदल दुखत नाहीत, रक्त जात नाही, ताप येत नाही. कारण साधे आहे. बदललेल्या पेशी अजून वरच्या थरातच असतात. त्याखाली एक पातळ आधारपडदा असतो. पेशी तो ओलांडत नाहीत तोवर त्यांना कर्करोग म्हणत नाहीत. थराच्या खालच्या एकतृतीयांशातच बदल असेल तर पहिला दर्जा, दोनतृतीयांशापर्यंत असेल तर दुसरा, त्याहून वर सगळ्या जाडीत पसरला असेल तर तिसरा. रिपोर्टात हे सीआयएन-१, २, ३ असे लिहिलेले असते. पडदा ओलांडायला सामान्यतः पंधरा-वीस वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर पाच-दहा. त्रास सुरू होतो तो बहुधा पडदा ओलांडल्यावर.

पहिल्या दर्जाचे निम्म्याहून अधिक बदल आपोआप विरतात. तिसऱ्या दर्जाचे काय होते, हे जगाला एका दुःखद प्रकरणातून कळले. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या स्त्रीरुग्णालयात हर्बर्ट ग्रीन नावाचे डॉक्टर होते. हे बदल कर्करोगात जात नाहीत असे त्यांचे मत होते. १९६६ पासून त्यांनी अनेक स्त्रियांवर पुरेसा उपचार न करता नुसते लक्ष ठेवले, आणि त्या स्त्रियांना याची कल्पनाही दिली नाही. १९८७ साली दोन लेखिकांनी एका मासिकातून हे उघडकीस आणले. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ साली आला. त्या साऱ्या नोंदींचा २००८ साली पुन्हा अभ्यास झाला तेव्हा दिसले की पुरेसा उपचार न मिळालेल्या गटात तीस वर्षांत सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कर्करोग झाला होता. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होते. असा प्रयोग कोणी पुन्हा करू शकणार नाही, करूही नये. पण ‘त्रास नाही तर कशाला जायचे’ याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे अशी लक्षणे असतील तर मागचा रिपोर्ट कितीही चांगला असो, डॉक्टरांना लगेच दाखवायला हवे. चाळणी तपासणी ही त्रास नसलेल्यांसाठी असते. त्रास असेल तर तिच्या भरवशावर राहू नये.

रिपोर्टातील संक्षेप

पॅप तपासणी म्हणजे आपला गालाचाच प्रयोग, जागा तेवढी वेगळी. जॉर्ज पॅपानिकोलाऊ यांनी हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर १९४१ साली तिचा उपयोग दाखवून दिला. नमुन्यासाठी त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशी दिल्या होत्या. या तपासणीच्या रिपोर्टातील भाषा १९८८ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे ठरली, म्हणून तिला बेथेस्डा पद्धत म्हणतात. त्यातली अक्षरे पाहून माणूस घाबरतो, म्हणून त्यांचा अर्थ सांगतो.

‘एनआयएलएम’ म्हणजे कर्करोगाच्या दिशेचे काही दिसले नाही. त्यापुढे ‘इन्फ्लमेटरी’ लिहिलेले असेल तर दाह आहे, एवढेच. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी थोड्या निराळ्या दिसतात पण अर्थ लागत नाही. अशा वेळी एचपीव्ही तपासणी करतात किंवा वर्षाने पुन्हा पाहतात. ‘एलसिल’ ही बहुधा चालू संसर्गाची खूण असते. ‘एचसिल’ किंवा ‘एएससी-एच’ लिहिले असेल तर मात्र वाट पाहू नये, कॉल्पोस्कोपी लवकर करून घ्यावी. ‘एजीसी’ हा शब्द नळीतल्या उभ्या पेशींविषयी आहे. तिथे नळीच्या आतून आणि कधी गर्भाशयाच्या अस्तरातूनही नमुना घ्यावा लागतो. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे नमुनाच अपुरा होता. पुष्कळजणी त्याचा अर्थ ‘काही निघाले नाही’ असा घेतात. ती तपासणी झालीच नाही असे धरून दोन-चार महिन्यांत पुन्हा करायला हवी.

जाऊबाईंच्या कागदावर ‘इतर प्रकार’ असे होते, म्हणजे १६ किंवा १८ नव्हे. हे दोन प्रकार असते तर थेट कॉल्पोस्कोपी. इतर प्रकारांत आधी पेशीतपासणी किंवा व्हिनेगरची पाहणी करून मग ठरवतात, किंवा सोय असेल तर कॉल्पोस्कोपीच करतात. तिला तोच सल्ला मिळाला होता.

व्हिनेगर आणि आयोडीन

कॉल्पोस्कोपी हे नाव मोठे आहे, पण ती शस्त्रक्रिया नव्हे. बाहेर उभ्या केलेल्या, दुर्बिणीसारख्या दिसणाऱ्या भिंगातून गर्भाशयमुख मोठे करून पाहायचे. विज्ञानशिक्षकाला तिची रसायनविद्या आवडावी. आधी तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे पातळ व्हिनेगर, लावतात. मिनिटभरात संशयास्पद भाग पांढरा दिसू लागतो. बदललेल्या पेशींत केंद्रक मोठे आणि प्रथिने अधिक असतात. आम्लाने ती तात्पुरती गोठतात आणि त्यातून प्रकाश आरपार न जाता परततो. अंड्याचा बलक सोडून उरलेला पारदर्शक भाग तापवल्यावर पांढरा होतो, तोच प्रकार, फक्त इथे काही मिनिटांत तो पुन्हा पहिल्यासारखा होतो. मग आयोडीन. निरोगी चपट्या पेशींत ग्लायकोजेन साठलेले असते. बटाट्यावर आयोडीन टाकल्यावर पिष्टामुळे निळाकाळा रंग येतो, तसा ग्लायकोजेनमुळे गडद तांबूस-तपकिरी येतो. घाईने विभाजन पावणाऱ्या पेशींकडे ही शिल्लक नसते. तो भाग पिवळट राहतो.

जिथे संशय वाटेल तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. हीच बायॉप्सी. ‘तुकडा काढला की पसरतो’ ही समजूत आम्ही कोकणात आणि घाटावर दोन्हीकडे ऐकली आहे. तिला काहीही आधार नाही. निदान होते ते या तुकड्यावर, पहिल्या रिपोर्टावर नव्हे. एकंदर काम पंधरा-वीस मिनिटांचे. थोडी कळ येते, एकदोन दिवस डाग लागतो. पाळीचे दिवस सोडून जावे.

तुकड्यात पहिला दर्जा निघाला तर बहुधा उपचार करत नाहीत, वर्षाने पुन्हा तपासतात. दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाला तेवढा भाग नष्ट करतात किंवा कापून काढतात. नष्ट करण्याच्या दोन रीती. एकीत गॅस दाबाखालून एकदम मोकळा होताना थंड होतो, या तत्त्वावर टोक गोठवून ते तीन मिनिटे टेकवतात, पाच मिनिटे थांबतात, पुन्हा तीन मिनिटे. दुसरीत सुमारे १०० अंशांपर्यंत तापवलेले टोक अर्धा मिनिट टेकवतात. ते यंत्र बॅटरीवर चालते आणि हातात मावते, म्हणून गावांसाठी अधिक सोयीचे. बदल नळीत आत शिरले असतील किंवा भाग मोठा असेल तर विजेच्या तारेच्या वळ्याने तो कापून काढतात. तो कापलेला भागही तपासता येतो. स्त्री गरोदर असेल आणि कर्करोगाचा संशय नसेल तर उपचार बाळंतपणानंतर करतात.

आणि पिशवी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा रागाने द्यावे लागते. या बदलांसाठी सरसकट गर्भाशय काढण्याचे काहीच कारण नसते. पण ‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीवर ही शस्त्रक्रिया आपल्या राज्यात किती सहज झाली, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या प्रकरणातून २०१९ साली दिसले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. त्यामागे तोडीचे दिवस बुडू नयेत ही गरजही होती, साधे पांढरे जाण्याची तक्रारही होती. तेव्हा कोणी नुसत्या स्मिअरच्या किंवा एचपीव्हीच्या कागदावर पिशवी काढायला सांगितले, तर ‘बायॉप्सीत काय आले?’ हा एक प्रश्न विचारायला प्रत्येकीला शिकवायला हवे.

दुसरी खेप

आता खरी अडचण. मिठबावहून कणकवली, तिथून ओरोस किंवा मग गोव्यात बांबोळी. बरोबर कोणीतरी हवे. एक दिवसाची मजुरी जाते, एसटीचे भाडे लागते, सासूला काय सांगायचे हा प्रश्न असतो. पहिली तपासणी गावात येते, दुसरीसाठी बाईला गाव सोडावे लागते. आणि जीव वाचतो तो दुसऱ्या खेपेला. ती खेप झाली नाही तर पहिली तपासणी म्हणजे एक भीतिदायक कागद, एवढेच उरते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून केलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांनाच व्हिनेगरची पाहणी शिकवली होती. दर दोन वर्षांनी तपासणी. मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. पण घरोघरी जाऊन समजावणारी माणसे असूनही पॉझिटिव्ह स्त्रियांपैकी पुढील निदानासाठी आल्या ७९ टक्के. पाचात एक आलीच नाही. मुंबईत हे, तर मिठबावला काय?

उस्मानाबादच्या अभ्यासात व्हिनेगर गटातील पॉझिटिव्ह स्त्रियांची कॉल्पोस्कोपी तिथेच, त्याच दिवशी करत. आम्हांला वाटते, कोकणासाठी धडा हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही शक्य तिथे तपासणी व उपचार एकाच भेटीत उरकण्याची मुभा आहे, आणि एचपीव्हीचा नमुना स्त्रीने स्वतः बोळ्याने घेतला तरी चालतो असेही म्हटले आहे. तशी सोय गावात येईपर्यंत हाती असलेला उपाय म्हणजे सोबत. आशाताई, शेजारीण, शाळेतील बाई, कोणीही.

एक गोष्ट शाळेशी सरळ जोडलेली आहे. लस असलेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती मुलींना लहान वयात द्यायची असते. नऊ ते वीस वर्षांच्या मुलींना एक मात्राही चालते असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. त्यामागच्या पुराव्यात बार्शी आणि पुणे ही केंद्रे असलेल्या भारतीय अभ्यासाचाही वाटा आहे. मात्र लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच. आपल्याकडे ती किती होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती त्या देशभरात १.९ टक्के होत्या.

उपचार झाला की प्रकरण मिटत नाही, हे जाता जाता सांगायला हवे. नंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखा स्राव होतो, त्याने घाबरू नये. तेवढे दिवस शरीरसंबंध टाळावा. ताप आला, खूप रक्त गेले किंवा पोटात फार दुखू लागले तर परत दाखवावे. आणि वर्षाने पुन्हा तपासणी, कारण थोड्या जणींत विषाणू मागे राहतो किंवा बदल पुन्हा उद्भवतात. या उपचारांनी मूल होण्यात सहसा अडथळा येत नाही. कापून काढण्याच्या रीतीत पुढच्या बाळंतपणात दिवस थोडे आधी भरण्याचा संभव किंचित वाढतो, म्हणून ते त्या वेळच्या डॉक्टरांना सांगून ठेवावे.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. शाळेला रजा टाकून त्या स्वतः जावेबरोबर गेल्या होत्या. सकाळच्या पहिल्या एसटीने निघून रात्री परत. तुकड्याचा रिपोर्ट पंधरा दिवसांनी मिळाला : सीआयएन-१. उपचार काही नाही, वर्षाने या. जाऊबाई मात्र नाराज होत्या. “इतक्या लांब गेलंय, आणि एक गोळी पण देवक नाय!” बाईंनी तिला काय समजावले ते आम्हांला ठाऊक नाही. पुढच्या वर्षीचे कॅलेंडर अजून घरात आलेले नाही, म्हणून त्यांनी तारीख यंदाच्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानामागे लिहून ठेवली आहे.